कोल्हापुरात ख्रिस्ती म्हणून एकनिष्ठ राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर मंडळीच्या (चर्चच्या) आवारात, गृहभेटीत, तरुण संघाच्या बैठकीत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांबरोबर बायबलमधले शास्त्रभाग दिले आहेत. ते स्वतः उघडून, मागचापुढचा अध्याय धरून वाचा.

चहूबाजूंनी सण, जत्रा, मंडळं. मोहापासून दूर राहायचं म्हणजे या सगळ्यापासून दूर राहायचं का?

नाही. शेजाऱ्याचा सण हा तुमचा मोह नव्हे. याकोब १:१४ सांगतो की माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो आणि भुलतो. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं की जगातल्या जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक लोकांशी संबंधच ठेवायचा नाही म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल (१ करिंथ ५:१०). येशूने शिष्यांसाठी केलेली प्रार्थनाही ‘त्यांना जगातून काढून घे’ अशी नाही, ‘त्यांना त्या दुष्टापासून राख’ अशी आहे (योहान १७:१५).

अंबाबाईच्या नवरात्रामुळे किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेमुळे कुणाचा विश्वास गेला, असं क्वचितच घडतं. माणूस ढासळतो तो बाटलीपाशी, पैशापाशी, सोयरिकीच्या अहंकारापाशी आणि रात्री एकट्याने उघडलेल्या मोबाइलपाशी. सणांचे प्रश्न जास्त विचारले जातात म्हणून इथे आधी घेतले आहेत. जड प्रश्न त्यांच्यानंतर आहेत.

शेजारच्या काकूंनी प्रसाद आणून दिला. घ्यायचा का?

हा प्रश्न करिंथमध्येही होता. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस तिथल्या बाजारात विकायला येई आणि जेवणावळीत वाढलं जाई. पौल १ करिंथ ८ ते १० या तीन अध्यायांत त्याचं उत्तर देतो आणि तीन प्रसंग वेगळे करतो.

पहिला, पूजेच्या ठिकाणी बसून त्या पूजेचाच भाग म्हणून खाणं. हे नको (१०:१४-२१). प्रभूच्या मेजाचा आणि त्या मेजाचा, असा दोन्हींचा वाटेकरी होता येत नाही. दुसरा, बाजारातून आणलेलं अन्न. ते विचारपूस न करता खा, कारण पृथ्वी प्रभूची आहे (१०:२५-२६). तिसरा, कुणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते खा. मात्र ‘हा नैवेद्य आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२७-२९).

‘हा प्रसाद घ्या’ म्हणून हातावर ठेवलं जातं तेव्हा तिसऱ्या प्रसंगातला दुसरा भाग लागू होतो. तिथे नम्रपणे नाही म्हणा. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट आलं तर ते शेजाऱ्याचं प्रेम आहे. चकली-करंजी आधी देवापुढे ठेवली होती का, हे शोधत बसू नका. पौल ‘विचारू नका’ म्हणतो ते अक्षरशः पाळा.

नाही म्हणताना वाक्य तयार असलं की गोंधळ होत नाही: “काकू, प्रसाद मी घेत नाही, पण तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जाणार नाही.” बहुतेक ठिकाणी एवढ्यावर विषय संपतो. घात होतो तो दोन चुकांनी. समोर हसून घ्यायचं आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकायचं, ही एक. कुणी पाहिलं तर त्या घराचा अपमान होतो, आणि तुमचा शब्दही खोटा ठरतो. दुसरी चूक म्हणजे प्रसाद नाकारताना त्यांच्या देवावर भाषण देणं. ते कुणीही मागितलेलं नसतं.

उद्यमनगरात लेथवर काम करतो. खंडेनवमीला मालक सगळ्यांना मशीनला हळदकुंकू लावायला सांगतात. काय करू?

दानीएलाचा पहिला अध्याय उघडा. त्याने बाबेलचं शिक्षण घेतलं, तिथली भाषा शिकला, बेल्टशस्सर हे परकं नावसुद्धा चालवून घेतलं. राजाच्या ताटातलं अन्न मात्र नको, हे त्याने आधीच मनात ठरवलं होतं. मग अधिकाऱ्याशी भांडण न करता विनंती केली आणि दहा दिवसांची चाचणी सुचवली. काय स्वीकारायचं, काय नाही आणि नकार कोणत्या सुरात द्यायचा, हे तिन्ही त्यात आहे.

खंडेनवमीच्या दिवशी तोंड उघडू नका, आठ-दहा दिवस आधी मालकांना किंवा सुपरवायझरला एकटं गाठा. ऐन पूजेच्या वेळी, सगळ्यांसमोर दिलेला नकार मालकाला आव्हान वाटतो, म्हणून तिथे प्रकरण चिघळतं. सांगायचं एवढंच: “साहेब, मी ख्रिस्ती आहे. पूजा मी करणार नाही, पण आदल्या दिवशी मशीनची सगळी साफसफाई माझ्याकडे द्या.” आणि ती खरोखर करा. बर (कापलेल्या धातूचा चुरा) काढा, कूलंटची टाकी रिकामी करून धुवा, स्लाइडवेज पुसून तेल द्या, चकचे जबडे साफ करा. हे काम आहे, पूजा नाही. पूजेच्या वेळी मागे उभं राहा किंवा चहाची व्यवस्था बघा. नंतर पेढे वाटले तर वरच्या प्रसादाच्या उत्तराप्रमाणे वागा. कामगारांच्या जेवणाला मात्र जरूर बसा.

वर्षभर कामात कुचराई करणाऱ्या माणसाने खंडेनवमीला विवेकाचं कारण सांगितलं तर कुणी ऐकून घेत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याची चूक नसते.

गल्लीतल्या मंडळाची वर्गणी?

पूजेसाठी म्हणून देऊ नका. पण तालीम आणि मंडळ म्हणजे कोल्हापुरात नुसता गणपती नसतो. फुटबॉलचा संघ, रक्तदान, कुणाच्या मयताला धावून जाणारी पोरं, सगळं तेच. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मंडळांची पोरं पाण्यातून माणसं काढत होती, जेवण पोहोचवत होती. त्यांच्या अशा कामाला हात आखडता घेऊ नका. पावतीवर ‘रक्तदान शिबिरासाठी’ किंवा ‘क्रीडा’ असं लिहून घ्या, आणि शक्य असेल तर सणाच्या आधी, जून-जुलैमध्येच द्या. मग दारात आल्यावर “माझं आधीच दिलंय” हे खरं उत्तर असतं. रक्तदानाला स्वतः जाऊन आडवे व्हा. त्याने पन्नास पावत्यांचं काम होतं.

माझी गाडी आहे. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला भाडं मारलं तर पाप आहे का?

माणसं नेणं हे तुमचं काम आहे. अरामी सेनापती नामान यालाही अशीच अडचण होती. राजा रिम्मोनाच्या देवळात जाताना त्याच्या हातावर टेकत असे, त्यामुळे नामानालाही वाकावं लागे. अलीशाने त्याला ‘शांतीने जा’ म्हटलं (२ राजे ५:१८-१९). पार्किंगमध्ये थांबा, प्रवाशांना नीट आणा, ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागू नका. यात्रेच्या गर्दीत दुप्पट भाडं उकळणं हा त्या दिवसाचा खरा मोह आहे.

दसऱ्याचं सोनं, राखी, हळदीकुंकू?

आपट्याचं पान घेऊन “सोन्यासारखे राहा” म्हणणं, भावाला राखी बांधणं, हे आजच्या व्यवहारात स्नेहाचं आहे. शांत मनाने घ्या. ज्याचं मन मानत नाही त्याने घेऊ नये, आणि घेणाऱ्याला दोष देऊ नये. रोम १४ हा अख्खा अध्याय याच भांडणासाठी लिहिला आहे. हळदीकुंकवाला बोलावलं तर भेटायला जा. कुंकू लावून घ्यायचं की नाही हे घरून ठरवून निघा. विधवा बहिणींना तिथे बोलावत नाहीत याकडे मात्र लक्ष असू द्या. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात कुणीतरी चहाला गेलं पाहिजे.

गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. मग आणखी काय बघायचं?

उशाखाली ठेवलेलं पवित्र शास्त्र बघा. न वाचता, भीती जावी म्हणून ठेवलेलं शास्त्र आणि दारावरचं लिंबू यांत काही फरक उरत नाही. अभिषेकाचं तेल दुकानाच्या उंबऱ्याला लावलं की गिऱ्हाईक वाढतं, अमुक सभेतला रुमाल अंगावर ठेवला की ताप उतरतो, हे मनही तसंच. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (१८:१०-१२) शकुन आणि मंत्रतंत्र वर्ज्य आहेत, ते ख्रिस्ती वेष्टनात आले म्हणून चालत नाहीत. लग्नाची तारीख ठरवताना ‘चर्च मोकळं आहे’ हे कारण पुरे. आतेभावाने चोरून मुहूर्त बघून आणला असेल, तर पाळकांना न कळताही ते देवाला कळलेलंच असतं.

घरात मी एकटीच विश्वासात आले आहे. वडील वारले तर दिवसकार्याला काय करू?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि याचं उत्तर घाईत देणारे लोक फार नुकसान करून ठेवतात.

विश्वास जाहीर करण्याच्या वेळीच घरच्यांना सांगून ठेवा की कोणते विधी तुम्हाला करता येणार नाहीत, पण सेवेत तुम्ही कुठेही कमी पडणार नाही. आजारपणात रात्री जागा, दवाखान्याच्या खर्चात वाटा उचला, औषधाच्या वेळा सांभाळा. आईबापाचा मान राखा ही आज्ञा (निर्गम २०:१२) जिवंतपणी पाळायची असते. अंत्ययात्रेला जा. मयताजवळ बसा, रडा, आलेल्यांना पाणी द्या. पंचगंगेच्या स्मशानात शेवटपर्यंत थांबा. पिंडदान, काकस्पर्श, श्राद्धाचा संकल्प यांत कर्ता म्हणून बसू नका. ते दुसऱ्या भावंडाने किंवा चुलत्याने करावं, असं घरात आधीच बोलून ठेवा. त्या दिवशीच्या जेवणाचा, मंडपाचा, नातेवाइकांच्या जाण्यायेण्याचा भार तुम्ही घ्या. तेराव्यानंतर सगळे पांगतात आणि आई एकटी पडते. पुढचे तीन महिने दर आठवड्याला तिच्याकडे जा.

त्या तेरा दिवसांत वडिलांच्या आत्म्याबद्दल वाद घालू नका. कुणी टोचून बोललं तरी नाही. मंडळीतल्या दोन बहिणींना तुमच्याबरोबर बसायला सांगा, म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही.

मुलाच्या शाळेत सरस्वतीपूजन असतं.

संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे माहीत असू द्या, पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की मूल शांत उभं राहील, हात जोडणार नाही, बाकी सजावट आणि गाणी-नाटकात आनंदाने असेल. मुलाला घरी दोनदा सराव करून द्या: मित्रांनी विचारलं तर काय सांगायचं. सात वर्षांच्या मुलाला ‘ते लोक वाईट आहेत’ असं शिकवलं, तर तो शाळेत मित्र गमावतो आणि पंधराव्या वर्षी तुमच्यावरचा विश्वासही.

दारू थोडी घेतली तर चालते का? शास्त्रात द्राक्षारस आहेच की.

शास्त्रात द्राक्षारस आहे आणि मद्याने मस्त होऊ नका हेही आहे (इफिस ५:१८). नीतिसूत्रे २३:२९-३५ मधलं दारुड्याचं वर्णन आजच्या कोणत्याही बारबाहेर तसंच दिसेल. आपल्याकडे ‘थोडी’ ही पायरी सहसा टिकत नाही. इथलं पिणं जेवणाबरोबरचं नसतं, मटणाच्या पार्टीआधी झिंग यावी म्हणून असतं. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. ज्या घरात आधीच एक माणूस दारूत गेला आहे, तिथे तर थेंबही नको.

तांबड्या-पांढऱ्याच्या पार्टीला जायचं असेल तर पोट थोडं भरून जा, स्वतःची गाडी न्या आणि परतायची वेळ घरी सांगून निघा. पहिला ग्लास येण्याआधी हातात सरबत किंवा सोडा असू द्या. रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. “डॉक्टरांनी नको म्हटलंय” असं खोटं सांगू नका. पुढच्या वेळी “आता बरं आहे ना?” म्हणून तोच ग्लास परत येतो. “मी घेत नाही” एवढं पुरे.

आता सवय लागलेल्यांबद्दल, कारण इथे प्रार्थनेच्या नावाखाली धोका होतो. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरकाप, ताप येऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला खोलीत कोंडून उपास-प्रार्थना करू नका. त्याला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन जा, औषधांच्या आधाराने दारू सोडवा आणि प्रार्थना त्याच्या उशाशी बसून करा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ वर आहे. त्यानंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची सभा आणि मंडळीतला एक सोबती, दोन्ही हवेत. पहिले नव्वद दिवस पगार त्याच्या हातात न देता, त्याच्याच संमतीने, पत्नीच्या खात्यात जाऊ द्या.

प्रभुभोजनात वाइन वापरली जात असेल तर दारू सोडलेल्या माणसासाठी ती चाचणी होऊन बसते. बिनआंबवलेला रस घरी होतो. २५० ग्रॅम काळे मनुके धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, कुस्करून दोनदा गाळा, थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत वापरा. बाहेर ठेवला तर उन्हाळ्यात एका दिवसातच फसफसायला लागतो. शनिवारी केलेला रस रविवारी वापरणं उत्तम.

मोबाइलवरची घाण बघण्याची सवय सुटत नाही. प्रार्थना करतो, आठ दिवस नीट जातात, मग पुन्हा तेच.

सैतानाला अडवा, असं याकोब ४:७ सांगतो. पण जारकर्मापासून (१ करिंथ ६:१८) आणि तारुण्याच्या वासनांपासून (२ तीमथ्य २:२२) मात्र पळ काढा, असं सांगितलं आहे. इथे उभं राहून लढायचं नाही. पोटीफरच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफाने वस्त्र तिच्या हातात टाकलं आणि पळाला (उत्पत्ती ३९:१२). तुमची आठ दिवसांची प्रार्थना खोटी नसते, पण फोन उशाशीच असतो. हरता ते तिथे.

रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजरासाठी’ फोन परत खोलीत येतो. फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम किंवा डिजिटल वेलबीइंगची मर्यादा लावा आणि तिचा पासवर्ड पत्नीला, मोठ्या भावाला किंवा मित्राला ठेवायला द्या. स्वतः ठेवलेला पासवर्ड तिसऱ्या रात्री उघडतो. ज्या ॲपवरून सुरुवात होते ते काढून टाका. बहुतेक वेळा ती सुरुवात घाणीच्या साइटवर नाही, रील्सवर होते.

वहीत एका महिन्याची नोंद ठेवा: तारीख, वेळ, त्याआधी काय झालं होतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काही ना काही सापडेलच. सेकंड शिफ्टवरून रात्री बाराला उपाशी घरी येणाऱ्याला आधी जेवण हवं, मग प्रार्थना. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एका पुरुषाला तोंडी हिशोब द्या. बहिणींनी बहिणीला द्यावा. व्हॉट्सॲपवर नको. तिथे अंगठ्याचं चित्र पाठवून सुटका होते.

मटका, ऑनलाइन पैशांचे खेळ, भिशी?

मटका बेकायदा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. शेजाऱ्याचं नुकसान झालं तरच आपला फायदा होईल, अशी इच्छा धरायला लावणारा हा व्यवहार आहे. देणं झालं असेल तर आकडा लपवू नका. एका कागदावर सगळी नावं, रकमा, व्याज लिहा, तो कागद पत्नीला आणि मंडळीच्या एका वडिलांना (एल्डरना) दाखवा, आणि हप्ते ठरवा. अर्धा आकडा सांगितला की उरलेल्या अर्ध्यासाठी माणूस पुन्हा खेळतो.

ओळखीच्या बारा-पंधरा जणांची, दरमहा नाव काढून चालणारी साधी भिशी म्हणजे बचत आहे. बोली लावून गरजवंताची रक्कम कापणारी भिशी सावकारीकडे झुकते. तिथून बाहेर पडा.

लाच दिल्याशिवाय काम होत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे. भाग पाडलं गेलं असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. व्यवहारात बहुतेक लाच घाईपोटी दिली जाते. नूतनीकरणाची तारीख तीन महिने आधी वहीत लिहा, अर्जाची पोच घ्या, गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. काम उशिरा होईल. तो उशीर सोसणं हीच इथे निष्ठा आहे.

कागदोपत्री हिंदू, रविवारी मंडळीत. सवलत जाईल म्हणून बाप्तिस्मा लांबवावा का?

हा प्रश्न विचारणाऱ्यावर कुणी रागावू नये. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शीखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही, जरी गल्लीत त्याची जात कुणी विसरलेलं नसलं तरी. ही व्यवस्था आम्हाला अन्यायाची वाटते, आणि ती बदलावी म्हणून उघडपणे, सनदशीर मार्गाने बोलणं हे विश्वासाच्या विरोधात नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्मावर अवलंबून नाही.

पण खोटं प्रतिज्ञापत्र हा त्यावरचा उपाय नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्षात ख्रिस्ती आचरण असताना आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा नाकारला आहे, त्यामुळे नोकरीत पंधरा वर्षांनीही हे उलटू शकतं. त्याहून मोठं नुकसान घरात होतं. फॉर्म भरताना बाप मुलाला सांगतो, “इथे हे लिही,” आणि मूल शिकतं की ख्रिस्त रविवारपुरता असतो. निर्णयाआधी पूर्ण हिशोब मांडा: मुलांचं शिक्षण कोणत्या टप्प्यावर आहे, अल्पसंख्याक म्हणून कोणती शिष्यवृत्ती मिळते, फीची उणीव किती. आणि इथे मंडळीचीही जबाबदारी आहे. खरं लिहिलं म्हणून ज्या मुलाची फी वाढली, त्याच्या फीत वाटा उचलायला वडीलमंडळ तयार नसेल, तर त्यांनी व्यासपीठावरून धैर्याचा उपदेश करू नये.

मुलगी चांगली आहे, मंडळीतलीच आहे, पण ‘आपल्यातली’ नाही.

‘आपल्यातली’ म्हणजे मूळ जातीतली. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरं सोयरिकीला तीन पिढ्यांपूर्वीची जात विचारतात. ‘ख्रिस्तात तुम्ही सगळे एक आहात’ हे गलती ३:२८ पाठ असूनही विचारतात. आमच्या मते देवळातल्या घंटेपेक्षा हा मोह कितीतरी मोठा आहे, कारण आपण त्याला मोह म्हणतच नाही. स्थळ बघताना चार गोष्टी विचारा: प्रभूशी नातं, व्यसन, कामधंदा, रागाच्या वेळचं वागणं. पाचवा प्रश्न ओठावर आला तर तो गिळा.

हुंड्याचंही तेच. ‘मुलीला हौसेनं’ दिलेली बुलेट हाही हुंडा, जर ती मिळणार हे धरूनच बोलणी झाली असतील. १९६१ च्या कायद्यात किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. पाळकांनी लग्नाची सूचना वाचण्याआधी दोन्ही घरांना एकत्र बसवून हा प्रश्न थेट विचारावा.

ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराबद्दल शास्त्र २ करिंथ ६:१४ मध्ये सावध करतं. जुवाचे दोन बैल वेगवेगळ्या दिशेला ओढले की सरी वाकडी जाते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लग्न ठरण्याआधी मुलांचं संगोपन, घरातली पूजा, रविवार यांवर स्पष्ट बोला. ‘लग्नानंतर बदलेल’ हा अंदाज सहसा चुकतो. आणि कुणी विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदारांसह लग्न केलंच, तर त्या मुलाला किंवा मुलीला मंडळीच्या दारातून परत पाठवू नका. आधीच झालेल्या अशा लग्नात टिकून राहा, असंच पौल सांगतो (१ करिंथ ७:१२-१४).

ख्रिस्ती राहायचं म्हणजे मराठीपण सोडायचं का?

कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये आले. पण मराठी ख्रिस्ती जीवनाला आकार दिला तो इथल्याच माणसांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, ते ख्रिस्तासाठी वापरलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं दिली. नऊवारी, टाळ-मृदंग, झुणका-भाकर यांत ख्रिस्ताला नकार नाही. भाषा टाकून इंग्रजी गाण्यांनी ‘आधुनिक’ होण्याची ओढ, हीसुद्धा भोवतालच्या संस्कृतीचीच ओढ आहे.

रोज नेमकं किती आणि काय करायचं?

पंधरा मिनिटं, सगळं घर, एकच वेळ. गीताची दोन कडवी, वीसेक वचनं, ‘यातलं आज काय करायचं’ यावर प्रत्येकाचं एक वाक्य, मग प्रार्थना. टीव्ही लागण्याआधी बसा, नंतर कुणी उठत नाही. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर महिनाभरात होतो. अख्खं शास्त्र १,१८९ अध्यायांचं आहे. वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय लागतात, आणि नवशिक्या घरात हे लेवीय हे तिसरं पुस्तक येईपर्यंत बंद पडतं. कमी घ्या, पण मोडू नका.

आठवड्याला एक वचन पाठ करा. अरण्यात येशूने तिन्ही वेळा उत्तर दिलं ते अनुवाद या पुस्तकातल्या पाठ वचनांनी (मत्तय ४:१-११). मोह समोर आल्यावर पुस्तक शोधायला वेळ नसतो.

रविवारी ड्युटी लागत असेल तर महिन्यातून दोन रविवार बदलून मागा आणि त्या सहकाऱ्याची सणाची ड्युटी तुम्ही घ्या. दिवाळीत तुम्ही उभे राहिलात, तर नाताळात तोही राहतो.

पडलो तर?

त्याच दिवशी देवाला त्या पापाचं नाव घेऊन सांगा. ‘काही चुकलं असेल तर क्षमा कर’ अशी मोघम प्रार्थना नको. १ योहान १:९ मध्ये पाप पदरी घेणाऱ्याला, म्हणजे कबूल करणाऱ्याला, क्षमेचं आणि शुद्ध होण्याचं वचन आहे. चोवीस तासांत एका विश्वासू माणसाला सांगा. ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई करा. पैसे असतील तर रक्कम, शब्द असतील तर माफी. मग कोणती वाट उघडी राहिली होती ते शोधून बंद करा. येत्या रविवारी उपासनेला या. लाज वाटते म्हणून दोन रविवार चुकवलेला माणूस तिसऱ्या रविवारी येणं फार कठीण असतं. म्हणून ज्याला तुम्ही सांगितलं आहे, त्याने रविवारी सकाळी आठ वाजता तुमच्या दारात यायचं, हेही त्याच वेळी ठरवून घ्या.